दाखल-खारीज

वाळवीनं रजिस्टर डावीकडून खाल्लं.
मुलांची नावं गेली, बापांची अर्धी राहिली,
धर्म आणि जातीचा रकाना मात्र
अक्षर न् अक्षर शाबूत.
वाळवीलाही तो पचला नसावा.

केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, नव्या वहीत उतरवून काढा,
निवृत्तीआधी तेवढंच पुण्य.
म्हणून शाळा सुटल्यावर रोज बसते.
निकालपत्रकांवरून, दाखल्यांच्या स्थळप्रतींवरून
नाव जुळवते, बाप जुळवते.
पांझरेकाठच्या गावाची साठ वर्षं
निळ्या शाईत, खाडाखोड न करता.

जन्मतारीख एक जून.
पुन्हा एक जून.
सरपंच एक जून, त्यांचा सालदार एक जून,
मारुतीचा पुजारी, तोही एक जूनचाच.
मारुतीचा जन्म मात्र गाव
सूर्योदयाच्या मिनिटापर्यंत पाळतं.

वादळात शाळेचे पत्रे उडाले
तेव्हा त्याच मारुतीनं दोन वर्षं मंडप दिला.
पाढे आणि आरती एकाच घंटेवर चालायचे.
भिलाटीतली पोरं पायरीवर बसायची,
ऊन सरकलं की तीही सरकायची.
जुने गुरुजी हे हसत सांगत.
मंडप दिला, हे लिहायला रकाना नाही.
पायरी लिहायलाही नाही.

मग क्रमांक नऊशे चौदा.
रूपसिंग गुलाब मालचे. हिंदू, भिल्ल.
शाळा सोडल्याचे कारण: पालकांचे स्थलांतर.
अक्षर माझं.

कानबाई विसर्जन होऊन एकच दिवस झाला होता.
हेमलता भदाणेनं दप्तरातून रोट आणला,
आणि खिचडीच्या पंगतीत
अर्धा मोडून रूपसिंगच्या ताटात ठेवला.
तो म्हणाला, गोड शे.
एवढंच. मी पाहिलं. मला बरंही वाटलं.

दुपारी तिची काकू आली, मागे आणखी चौघी.
"बाई, रोट भाऊबंदकीनाच ऱ्हास,
तुम्हले कोनी सांगं नई का?"
फळ्यावर माझ्याच हातचा सुविचार होता,
सगळे समान, असं काहीतरी.
मी म्हणाले, मी नगरकडची,
मला तुमच्याकडचं काय माहीत.
खरं तर माहीत होतं.
घरमालकिणीनं पहिल्याच श्रावणात
दार ओढून घेत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रूपसिंगचं ताट वेगळं,
पंगतीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ.
कुणी ठेवलं, मी विचारलं नाही.
आठवड्यानं तो यायचाच थांबला.
हेमलता पुढे चौथीत पहिली आली,
मंदिर समितीनं तिला कंपासपेटी दिली.

काल तो आला.
मोटारसायकल निंबाखाली लावून, मुलीला पुढे धरून.
मुलीच्या जातीच्या दाखल्याला
बापाचा उतारा लागतो म्हणे.
ज्या रकान्यानं त्याला टाकीजवळ नेऊन बसवलं
तोच आता साक्षांकित करून हवा होता.
मी शिक्का मारला, दोनदा, पहिला पुसट उठला म्हणून.

त्यानं कागद वाचला. सावकाश, बोट फिरवत.
तिसरीतल्या मुलासारखा, तिथवरच शिकवला होता मी.
शेवटच्या रकान्याशी थांबला.
"बाई, गाव ते आम्ही दोन वरीसनंतर सोडं."
आवाजात राग नव्हता,
चुकलेली तारीख सांगावी तसा.

मुलगी भिंतीवरची बाराखडी बघत होती.
विचारलं, नाव काय गं?
तिनं सांगितलं. जन्मतारीखही सांगितली,
एकोणीस ऑक्टोबर, पहाटे.

नवी वही टेबलावर आहे.
नऊशे चौदापर्यंत सगळं उतरलंय,
फक्त कारणाचा रकाना कोरा.
केंद्रप्रमुख शुक्रवारी तपासायला येतील.